परिशिष्ट ब

कुलदीपच्या झेरॉक्सच्या दुकानात मला माझंच अक्षर दिसलं आणि आधी बरं वाटलं. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं सांगताना माणूस स्वतःला सावरून घेतो. भंडाऱ्याला आमच्या कॉलेजच्या फाटकासमोर त्याचं दुकान आहे. मे महिना, दहाही वाजले नव्हते आणि वरचा पत्रा तापला होता. मला गुणपत्रिकेच्या दोन प्रती काढायच्या होत्या आणि साडेदहाची लाखांदूर गाडी पकडायची होती, कारण गावात खुशबूची हळद होती. काउंटरवर स्पायरल बांधलेल्या प्रोजेक्टांची चळत होती. सगळ्यात वरच्यातून घडी घातलेला एक मोठा कागद बाहेर लोंबत होता. काळ्या शाईतले त्रिकोण, वर्तुळं, बरोबरीच्या खुणा, त्यांना जोडणाऱ्या रेघा. इतक्या सरळ रेघा आमच्या वर्गात दुसऱ्या कोणाच्या येत नाहीत. "ताई, तुमचाच हाये ना हा?" कुलदीप म्हणाला. "लय चालते तुमचा प्रोजेक्ट. फर्स्ट इयरवाले समदे हाच नेतेत. उतरवाले सोपा पडते म्हन्तेत." तुझ्याकडे कुठून आला, मी विचारलं. "तुमीच त देल्ता बाइंडिंगले. एक कॉपी काढून ठेवली होती मी." त्याला त्यात काही चुकल्यासारखं वाटत नव्हतं, उलट मी खूश होईन असं त्याला वाटत असावं. मी कागद उलगडला. खालच्या कोपऱ्यात लिहिलं होतं, परिशिष्ट ब, वंशावळ, घर क्रमांक सात ते बारा. आणि प्रत्येक त्रिकोणाखाली, प्रत्येक वर्तुळाखाली माणसांची खरी नावं. "कोणी कोणी नेला?" "असतीन दहा-बारा जन. तो सचिन नाई का, पवनीचा, त्यानं नेल्ता मागच्या महिन्यात. म्हने, ह्याच्यात त माया भावाच्या सासरचं घर हाये." कुलदीप हसला. मी ती प्रत पिशवीत टाकली आणि गुणपत्रिका तिथेच विसरून निघाले.

गाडीत खिडकीची जागा मिळाली. उन्हाळ्यात खिडकीची जागा म्हणजे अर्धं अंग भाजून घेण्याची जागा, तरी आपण तीच धरतो. पवनीचा सचिन म्हणजे खुशबूच्या होणाऱ्या नवऱ्याचा चुलतभाऊ. खुशबू म्हणजे आमच्या शेजारच्या हेमराजकाकाची मुलगी, आणि रंभाबाईची नात. एवढी तीन वाक्यं मी मनात पुन्हा पुन्हा म्हटली, घोकंपट्टी केल्यासारखी, म्हणजे चौथं वाक्य यायला नको. पण अड्याळ येईपर्यंत ते आलंच. तीन आठवड्यांपूर्वी पवनीवाल्यांचा निरोप आला होता की नवरीची आजी लग्नाची नाही, पाटाची आहे, आणि तिची पहिल्या घरची पोरगी मेलेली आहे, खबर पक्की आहे. लग्न आम्ही मोडत नाही, पण हळदीला म्हातारीचा हात लागता कामा नये. खबर कुठून आली ते त्यांनी सांगितलं नाही. गावात कोणालाच कळेना. मलाही कळेना, आणि गेले तीन आठवडे मी हॉस्टेलच्या कॉटवर पडून त्या न कळणाऱ्या माणसाला शिव्या देत होते.

आमच्याकडची रीत अशी आहे की नवरीला हळदीचा पहिला हात लावणारी बाई पहिल्या लग्नाची हवी, तिचा नवरा हयात हवा आणि तिच्या कुशीतलं मूल गेलेलं नसावं. विधवेचं दुसरं लग्न लागतं त्याला पाट म्हणतात. पाट लागलेल्या बाईला कोणी हाकलत नाही. ती रोवणी करते, कापणी करते, पोरं वाढवते, भांडते, चारचौघींसारखीच म्हातारी होते. फक्त हळदीच्या वेळी तिला मागे उभं राहावं लागतं. हे उत्तर मी परीक्षेत दोनदा लिहिलेलं आहे, 'पुनर्विवाहित स्त्रीचा धार्मिक विधीतील दर्जा', आणि दोन्ही वेळा पाचांपैकी साडेचार गुण मिळाले आहेत. आणि गावात चाळीस वर्षं पहिला हात रंभाबाईचा होता. तिच्या हाताला यश आहे म्हणत. दुसऱ्या मोहल्ल्यातले लोकसुद्धा तिला बोलवायला यायचे. ती न्हाऊन, नऊवारी नेसून, कोपरापर्यंत बांगड्या सरकवून नवरीसमोर बसायची आणि तिच्या गालाला हात लावण्याआधी क्षणभर डोळे मिटायची. मी लहानपणापासून ते डोळे मिटणं पाहत आले होते. मला वाटायचं ती देवाचं नाव घेते.

निरोप आला त्या दिवशी हेमराजकाकानं आईला, म्हणजे रंभाबाईला, सगळ्यांसमोर विचारलं. ती नाही म्हणाली असती तर संपलं असतं. पवनीवाल्यांच्या शब्दाला गावात कोणी विचारलं असतं? पण ती हो म्हणाली. आणि मग गावानं चाळीस वर्षांची लग्नं उकरून काढली. अमकीला पोर झालं नाही, तमकीचा नवरा दारूनं गेला, ह्या घरी वाटणी झाली, त्या घरची सून पळून गेली. सगळ्यात वर आमच्या मेघाचं नाव. मेघा माझी थोरली बहीण. तिच्या लग्नाला तीन वर्षं होत होती, तेव्हा साकोलीजवळ ट्रकनं तिच्या नवऱ्याची गाडी उडवली. माझ्या आईनं तेव्हा देवाला शिव्या दिल्या, ट्रकवाल्याला दिल्या, सरकारला दिल्या, आणि वर्षभरात थकून गप्प झाली. आता तिला नवं बळ आलं. तिचा मला फोन आला. "त्याच बाईची हळद लागली माया पोरीले. आता समजलं मले." मी म्हटलं, आई, ट्रकमुळं झालं ते, ड्रायव्हर झोपला होता. आई म्हणाली, "टरक त्याच टायमाले काहून आला मंग?" हा प्रश्न मी पुस्तकात वाचला होता. समुद्रापलीकडच्या कुठल्याशा लोकांचा म्हणून वाचला होता आणि समासात 'महत्त्वाचे' असं लिहून ठेवलं होतं. फोनवर मात्र मी आईला विचारलं, जेवलीस का.

मला मानवशास्त्राला कोणी ढकललं नव्हतं. नर्सिंगला नंबर लागला नाही, आणि बी.ए.ला जे विषय उरले होते त्यात हा होता. पण पहिल्याच वर्षी कापगते सरांनी फळ्यावर एक त्रिकोण काढला, शेजारी एक वर्तुळ, मध्ये बरोबरीची खूण, आणि म्हणाले, हा जगातला कोणताही नवरा आणि ही जगातली कोणतीही बायको. आमच्या घरातला आरडाओरडा, आत्याचं रुसणं, काकांचं वेगळं निघणं, सगळं ह्या दोन आकारांत बसवून कागदावर ठेवता येतं, आणि मग आपण त्याच्या वर, हातात पेन धरून! आम्ही प्रयोगशाळेत एकमेकांच्या डोक्यांची मापं घेतली, कवटीवरच्या शिवणींची नावं पाठ केली, पण मला खरा लळा लागला तो वंशावळीचा. एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला प्रोजेक्ट आला तेव्हा सगळे लांबच्या वस्त्या शोधत होते, मी माझीच गल्ली घेतली. सर म्हणाले, आपल्याच गावात काम करणं सगळ्यात अवघड. मी ते कौतुक समजले.

नोव्हेंबरात धान कापणी चालली होती. गल्लीत दुपारी म्हातारी माणसं आणि कोंबड्या एवढंच उरायचं. मी वही घेऊन घराघरात बसायचे. रंभाबाईच्या मागच्या सपरीत, म्हणजे पडवीत, बसले तेव्हा तिनं आधी सगळं गावाला माहीत असलेलंच सांगितलं. श्यामराव, म्हणजे तिचा नवरा, जवानीत तुमसरकडे मँगनीजच्या खाणीवर होता, तिकडूनच तिला लग्न करून आणलं. मी लिहून घेतलं. मग तिनं भिंतीपलीकडे पाहिलं. भिंतीपलीकडे आमचं अंगण होतं आणि मेघा कपडे वाळत घालत होती. तेव्हा तिला परत येऊन आठ महिने झाले होते. ती कपडेसुद्धा आवाज न करता वाळत घालायची. "तिले पाटाचं काही आलं का वो कोठून?" रंभाबाईनं विचारलं. मी म्हटलं, तुमसरचं एक आहे, राइस मिलवर मुनीम आहे, बायको गेलेली, पण मेघा ऐकत नाही, म्हणते पाटाची बाई म्हणजे अर्धी बाई. रंभाबाई म्हणाली, "तिले सांग. मी पाटाची हाओ. मी अर्धी दिसतो का?"

मग सगळं आलं. सतराव्या वर्षी पहिला नवरा तापानं गेला. पदरात दीड वर्षाची पोर होती, रुपा. श्यामराव त्याच खाणीवर होता, त्यानं पाट मागितला. पोर त्या घरची, त्या घरातच ठेवून जावं लागेल, असं सासऱ्यानं सांगितलं. ठेवून आली. इकडे गावात आल्यावर श्यामरावनं लग्नाची म्हणून सांगितलं, कारण त्याची आई पाट ऐकती तर उंबरठा चढू दिला नसता. दोन वर्षांनी बांगड्या विकणाऱ्या कासाराकडून कळलं की रुपा देवीच्या आजारात गेली. तेव्हा ती चुलीपुढे बसली होती आणि घरात सासू होती, त्यामुळे रडता आलं नाही. धुराचं निमित्त झालं. पुढे एका लग्नात पहिला हात लावणाऱ्या बाईचा नवरा त्याच सकाळी गेला आणि ऐन वेळी हिला नवरीसमोर बसवलं. "नाई म्हनली असती त काहून म्हनून इचारलं असतं ना. मंग बसली. त्या पोरीले जुळे पोरं झाले, मंग समदेच बलवाले लागले. दर टायमाले मी डोळे मिटून रुपाले म्हनायची, पोरी, तुयासाठी नाई लावता आली, हिले लागू दे." मी भराभर लिहीत होते. माझ्या अंगावर काटा आला होता, हे खरं आहे. आणि त्याच वेळी मी मनात म्हणत होते की असा मजकूर वर्गात कोणाला मिळालेला नाही, हेही तितकंच खरं आहे. निघताना ती म्हणाली, "लिवून ठेव. पन वाचून नोको दाखवू कोनाले. मेघाले तेवढं सांगजो." मी मेघाला सांगितलं. मेघानं दुसऱ्या दिवशी भिंतीवरून रंभाबाईला हाक मारून चहाला बोलावलं. मार्चमध्ये ती आईला म्हणाली, येऊ दे तुमसरवाल्यांना, पाहू. येत्या मंगळवारचं ठरलं होतं.

सगळ्या मजकुरात मी नावं बदलली होती. रंभाबाईची सीताबाई केली, गावाचं नाव काढून टाकलं. पण परिशिष्ट ब मी आधीच शाईत केलं होतं. चार दिवस, हॉस्टेलच्या गच्चीवरच्या खोलीत, एका मैत्रिणीकडून मागून आणलेल्या ड्रॉइंगच्या पेननं. सहा घरं, चार पिढ्या, एकोणसत्तर माणसं, आणि कुठे एक डाग नाही. नावं बदलायची म्हणजे तो पुन्हा काढायचा. सरांनी विचारलं, "नावं बदललीस ना गं सगळीकडे?" मी म्हटलं, हो सर. ते तोंडी परीक्षेच्या आदल्या दिवशी. दुसऱ्या दिवशी बाहेरून आलेल्या परीक्षकांनी तो कागद टेबलावर पसरला आणि म्हणाले, सुरेख. मेघाच्या वर्तुळावर बोट ठेवून त्यांनी विचारलं, हिच्या उजवीकडे एवढी जागा मोकळी का सोडली? डावीकडे मेघाचा नवरा होता, त्रिकोण, त्यावर तिरपी रेघ. उजवीकडे मी बरोबरीच्या खुणेला आणि एका नव्या त्रिकोणाला पुरेल एवढी जागा ठेवली होती. मी म्हटलं, चुकून राहिली सर. ते हसले. मला शंभरांपैकी ब्याण्णव मिळाले. नावं कुणी वाचत बसेल असं मला वाटलंच नव्हतं. खोटं कशाला, वाटलं होतं. पण माझ्या अक्षराचा मला माज होता, आणि त्या माजापुढे एका म्हातारीचा शब्द हलका पडला.

पवनीला गाडी बराच वेळ थांबली. कंडक्टर चहाला उतरला. स्टँडवर पिवळ्या साड्यांचा, डोक्याला गजरे माळलेल्या बायकांचा घोळका दिसला आणि मी मान खाली घातली. आपल्याला कोणी ओळखत नाही हे माहीत असूनही घातली. नवऱ्याची उष्टी हळद घेऊन पवनीच्या बायका आमच्याच गावाला निघाल्या असतील, असं मला वाटत राहिलं. पिशवीत तो कागद होता. फाडून टाकावा का, नदीच्या पुलावरून खाली सोडून द्यावा का, असले सिनेमातले विचार मनात आले. कुलदीपकडे मशीन आहे, दहा-बारा जणांकडे प्रती आहेत. फाडून काय होणार होतं? पण सांगायचं की नाही ते माझ्या हातात होतं. कोणाला माहीत नाही की ते माझ्यामुळे गेलं. सचिन बोलणार नाही, तो चोरून नेलेला प्रोजेक्ट आहे. मी गप्प बसले तर आयुष्यभर गप्प बसू शकते. पूल ओलांडताना मी सांगायचं ठरवलं आणि पुढच्या थांब्याला नाही सांगायचं ठरवलं, आणि लाखांदूरला उतरेपर्यंत हे चारदा झालं. तिथून गावापर्यंत ऑटो मिळाला. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उन्हाळी धान हिरवंगार होतं आणि तलाव तळाशी गेला होता.

गल्लीत निळ्या कापडाचा मांडव होता. डब्यासारख्या स्पीकरवर गाणी चालली होती. मांडवात पुढच्या खुर्चीवर श्यामरावआजोबा नवी टोपी घालून बसले होते, लोक त्यांच्या पाया पडत होते. पाट दोघांचा लागला होता, पण मांडवात बसायला पुरुषाला अडचण नसते. हे माझ्या साडेचार गुणांच्या उत्तरात नव्हतं. आई हेमराजकाकाच्या दारातच भेटली. तिनं हिरवी साडी नेसली होती, कपाळ भरून कुंकू, हातात हळदीची पितळी वाटी. मला पाहून तिचा चेहरा एकदम उजळला आणि मग ओशाळला. "हेमराज म्हने, पयला हात तुमीच लावा. बाप्पा, नाई कशी म्हनू? तूच सांग." आई वाईट नाही. मेघाच्या लग्नानंतर मी तिला इतकी नटलेली पाहिली नव्हती. मी विचारलं, मेघा कुठे आहे? आईनं डोळ्यांनी घराच्या मागे खुणावलं. "तथी हाये, बुढीपाशी. तू नोको जाऊ आता, पवनीवाल्या येऊन राहिल्या." मी गेले.

मागच्या सपरीत दोघी जमिनीवर बसल्या होत्या. मेघा विळीवर वांगी चिरून पाण्यात टाकत होती, रंभाबाई लसूण सोलत होती. एक विधवा, एक पाटाची. त्यांना कोणी इथे बसायला सांगितलं नव्हतं आणि तिकडे यायलाही सांगितलं नव्हतं. रंभाबाईच्या हातात बांगड्या कमी वाटल्या. मला पाहून ती हसली. "आली का वो? उनाची आली. मेघा, पानी दे तिले." मी पाणी प्यायले नाही. बसलेसुद्धा नाही. मला वाटलं बसले तर सांगणार नाही. "आजी, ते मायामुळं बाहेर गेलं," मी म्हटलं. "मी लिवलेला कागद दुकानात राहिला. पवनीच्या पोरानं वाचला."

मेघाचे हात विळीवर थांबले. रंभाबाई मात्र लसूण सोलत राहिली, एक पाकळी, दुसरी. मी तिच्या शिव्यांची वाट पाहत होते. खरं सांगायचं तर मला त्या हव्या होत्या. "म्हंजे बुढ्यानं नाई सांगतलं?" तिनं विचारलं. "नाई." "मी त्याच्यासंगं बोलली नाई तीन हप्ते. त्याचं ताट सरकवून द्यायची पायानं. तो म्हने मी नाई वो, मी नाई, देवाची आन. मी ऐकलंच नाई." तिनं लसणाचं टरफल साडीवरून झटकलं. मग म्हणाली, "पाहू दे बरं, काय लिवलंस."

मी कागद काढला आणि शेणानं सारवलेल्या जमिनीवर पसरला. रंभाबाईला वाचता येत नाही. ती पुढे वाकली. "मी कोठी हाओ?" मी दाखवलं. "हे? एवढीशी?" मग शेजारचा त्रिकोण श्यामराव, खाली हेमराज, त्याखाली खुशबू. मग मी तिच्या वर्तुळाच्या दुसऱ्या बाजूला बोट नेलं. तिथे तिरपी रेघ मारलेला त्रिकोण होता, आणि त्याच्या आणि तिच्यामधून एक रेघ खाली उतरली होती, एका लहान वर्तुळापर्यंत. "हे रुपा," मी म्हटलं. "नाव लिवलंस तिचं?" "हाव." "कोठी? मले बोट लावून दे." मी तिचं लसणाचं बोट धरून त्या दोन अक्षरांवर ठेवलं. ते तिनं तिथून उचललं नाही. "कोनी लिवलं नाई कधी. शाळेत गेली असती त लिवलं असतं मास्तरनं." मला रडू आलं, आणि मला रडायचा हक्क नव्हता, म्हणून मी भिंतीकडे पाहिलं.

"आन हे तिरपी रेघ कायची? त्याच्यावरबी हाये, हिच्यावरबी हाये." मी म्हटलं, मेलेल्या माणसावर मारतात. तिनं मान हलवली, बाजारात भाव पटल्यावर हलवतात तशी. समोर मांडवात गाणी बंद झाली आणि बायका हळदीचं गाणं म्हणायला लागल्या. आवाज ओळखीचे होते, आईचा सगळ्यात वर. रंभाबाई ऐकत राहिली. चाळीस वर्षं ह्या गाण्याच्या तिसऱ्या कडव्याला तिचा हात हळदीत बुडायचा. तिसरं कडवं आलं. तिचा उजवा हात जमिनीवरून थोडासा उचलला गेला आणि तिनं तो दुसऱ्या हातानं धरून खाली ठेवला. "मंग मायावर मार," ती म्हणाली. "काय?" "रेघ. मायावरबी मार. मोजाले आलं कोनी, त मेलेल्यात मोजीन मले. मंग कोनी काई इचारत नाई. मेलेल्या बाईले पाटाची का लग्नाची, कोन इचारते?" मी म्हटलं, आजी, असं नाही करत, तू जिवंत आहेस. "तिकडं पाय," ती मांडवाकडे बोट करून म्हणाली. "अन मंग सांग."

मेघा पदरानं हात पुसत कागदापाशी आली. तिनं स्वतःला शोधलं, तिला वाचता येत होतं. मरण पावलेल्या त्रिकोणाकडे तिनं फारसं पाहिलं नाही. उजवीकडची मोकळी जागा पाहिली. "हे काहून सोडलं?" मी कागदाचा कोपरा सरळ करत राहिले, आणि तिला कळलं. तिनं त्या जागेवर अंगठा ठेवला. अंगठ्यावर वांग्याचं काळं लागलं होतं. "तुले मालूम होतं ना, आजीनं कोनासाठी सांगतलं होतं?" मी म्हटलं, हो. "माह्यासाठी सांगतलं होतं. मी म्हनलं, पाहा, हे बाई पाटाची, अन गावभर हिचा मान. मले वाटलं, असंबी असते." तिचा आवाज चढला नाही. मेघाचा आवाज आता चढतच नाही. "आईले सांगून दे, तुमसरवाल्यायले मंगळवारी येऊ नोका म्हनून. मी नाई सांगत, तूच सांग." मी म्हटलं, मेघा, मी सगळ्यांना सांगते, आत्ता मांडवात जाऊन सांगते की माझी चूक आहे. "तुही चूक हाये हे सांगशीन," मेघा म्हणाली. "खोटं हाये असं सांगशीन का?" खोटं नव्हतं. माझ्या त्या कागदावर एकही गोष्ट खोटी नव्हती, प्रत्येक रेघ तीन-तीनदा विचारून काढलेली होती.

"मार ना," मेघा म्हणाली. "एवढं केलं, हे काहून राहू देतं?" रंभाबाई माझ्याकडे पाहत होती. रागानं नाही. लहानपणी मी पाटी घेऊन तिच्या ओट्यावर बसायचे तेव्हा पाहायची तशीच. मांडवात बायकांनी गलका केला, कोणीतरी टाळ्या वाजवल्या. पहिला हात लागला होता. पिशवीत ते पेन होतं, मी ते परत केलंच नव्हतं. टोपण काढलं. आणि तेव्हा माझी नजर आजूबाजूला काहीतरी शोधायला लागली. मला कळायच्या आत माझ्या हातानं विळीशेजारची लाकडी फळी उचलली, तिचा काठ पुसला आणि रंभाबाईच्या वर्तुळावर तिरपा धरला. रेघ सरळ आली. शाई ओली होती, म्हणून ती वाळेपर्यंत आम्ही तिघींनी कागदाचे कोपरे धरून ठेवले.